रुसणाऱ्या इंजिनाची नाडी

मैत्रिणींनो, घरातली एखादी वस्तू साफ बिघडली तर मला तिची भीती वाटत नाही. मिक्सर जळाला तर जळाला. दुरुस्त तरी होतो, नाही तर नवा येतो. मला धास्ती असते ती कधी चालणाऱ्या आणि कधी न चालणाऱ्या वस्तूची. अशी वस्तू दुरुस्तीवाल्याकडे नेली की शहाण्या मुलासारखी वागते. तो आपल्याकडे बघून हसतो, आपण ओशाळून ती घरी आणतो, आणि पाहुणे यायच्या वेळेला ती नेमकी बंद पडते. तुमच्याकडेही असा एखादा पंखा किंवा इस्त्री असेलच. ‘जुनी झाली’ म्हणून आपण तिला टाकून देतो, आणि खरा दोष काय होता ते कळतच नाही.

आज मी तुम्हांला अशाच एका वस्तूची हकीकत सांगणार आहे. ती वस्तू म्हणजे नावेचं इंजिन. हसू नका! आमच्या हिंगण्याला ना समुद्र, ना खाडी. नदी म्हणावी तर वेणा, तीही उन्हाळ्यात गुडघाभर. एमआयडीसीतले कारखाने, आठवड्याचा बाजार आणि आसपासची कपाशीची, संत्र्याची शेतं हे आमचं गाव. पण नागपूर जिल्ह्यात तलाव आणि धरणं बरीच आहेत, आणि त्यांवर मासेमारी करून पोट भरणारे धीवर-भोई बांधवही पुष्कळ आहेत. त्यांतल्याच एका संस्थेचं इंजिन आमच्या दुकानात आलं होतं.

दुकान म्हणजे ह्यांचं. फवारणीचे पेट्रोल पंप, गवत कापायची यंत्रं, पाणी उपसायची छोटी इंजिनं दुरुस्त करायचं. तीस वर्षांत ह्यांच्या हाताला एवढी सवय झाली होती की रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून हे जेवताजेवता म्हणायचे, “ह्याचा कार्बोरेटर साफ करायला झालाय.” २०२१च्या दिवाळीनंतर ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, आणि बोलणं एकेका शब्दावर आलं. लोकमान्यनगरहून मेट्रोनं सीताबर्डीला व्यायामासाठी नेणं-आणणं सुरू झालं. मुलीच्या कॉलेजची फी समोर होती. दुकान बंद ठेवून कसं चालणार? मी पदर खोचला आणि बसले. पाने, पकडी, प्लग, जेट सगळं मला नावानं ठाऊक होतं. इतकी वर्षं मीच ते जागच्या जागी ठेवत आले होते ना!

पण गिऱ्हाईक? ते दारात थबकायचं. “भाऊ बरे झाले की येतो, वहिनी,” म्हणून निघून जायचं. हे खुर्चीवर बसून ते ऐकायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. मला गिऱ्हाईक गेल्याचं दुःख होतं, पण त्या पाठमोऱ्या मानेचं जास्त होतं.

अशात, २०२४च्या पावसाळ्यात, एका टेम्पोतून ते इंजिन उतरलं. आठ हॉर्सपॉवरचं, दोन स्ट्रोकचं, पंचवीस-सव्वीस किलोचं. नावेच्या मागच्या फळीला शिकंज्यासारखं आवळून बसवायचं. वर डोकं, खाली पाण्यात पंखा. ह्याला आउटबोर्ड म्हणतात. संस्थेनं ते मुंबईकडून जुनंच विकत आणलेलं.

“वहिनी, भाऊ नाहीत का जी?” अध्यक्षकाकांनी विचारलं. “मशीन दाखवाचं होतं. चांगलं चालते, अन् मधातच दम सोडते.”

हकीकत अशी होती की, जाळी टाकायला गेलेली तीन पोरं धरणाच्या ऐन मधोमध अडकली. संध्याकाळची वेळ, वारा सुटलेला. धरणात बुडालेल्या झाडांचे खुंट पाण्याखाली असतात. नाव त्यांच्याकडे ढकलली जात होती. इंजिन काही केल्या धरेना. शेवटी एका टेकाडाला नाव लागली आणि पोरांनी रात्र तिथंच पावसात काढली. त्यांतला एक काकांचा पुतण्या. त्याची आई त्या दिवसापासून इंजिनाचं नाव काढू देत नव्हती. शहरातल्या एका दुकानानं ‘कॉइल गेली’ म्हणून नवी बसवून पैसे घेतले होते. आठवड्यात पुन्हा तेच. आता संस्थेत दोन तट पडले होते. एकाचं म्हणणं कर्ज काढून नवं इंजिन घ्या. दुसऱ्याचं, इंजिनच नको.

मैत्रिणींनो, पाण्यावरच्या इंजिनाची गोष्ट स्कूटरसारखी नाही. स्कूटर बंद पडली तर ढकलत घरी नेता येते. नागपूरजवळच्या वेणा जलाशयात जुलै २०१७मध्ये सहलीला आलेल्या तरुणांची नाव उलटून केवढा अनर्थ झाला, ते आमच्याकडे अजून कुणी विसरलेलं नाही. आणि २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलीमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, तेव्हा शहराच्या गल्ल्यांतून माणसं नावांनी काढावी लागली होती. अशा वेळी दोरी ओढल्यावर इंजिन लागलं पाहिजे, आणि लागलं की चालत राहिलं पाहिजे.

मी दोनशे लिटरच्या ड्रममध्ये पाणी भरलं आणि इंजिन त्यात उभं केलं. कोरडं चालवायचं नसतं हं. त्याला थंड ठेवणारं पाणी खालूनच एक रबरी चक्र वर ओढतं, आणि कोरडं फिरलं तर ते चक्र थोड्याच वेळात खराब होतं. चालू इंजिनाच्या पाठीमागून पाण्याची बारीक धार पडत राहते. ती पडतेय तोवर समजायचं, थंडाव्याचं काम ठीक आहे. दुकानातल्या डब्यातून नळी जोडली, दोरी ओढली. दुसऱ्या ओढीत लागलं. दहा मिनिटं, वीस मिनिटं, चाळीस मिनिटं! न खोकता चाललं. धार व्यवस्थित. प्लग काढून पाहिला तर तपकिरी, सुका, जसा असावा तसा.

“बघा, चालून राहिलं!” काका वैतागले. “तिथं गेलं की नखरे.”

आता इथं दोन मार्ग होते. ‘दोष सापडत नाही’ म्हणून परत द्यायचं, किंवा एकेक भाग बदलत बसायचं. पहिल्यानं त्यांचं भागलं नसतं, दुसऱ्यानं त्यांचा पैसा गेला असता. मी स्वतःला एकच प्रश्न विचारला: तिथं असं काय आहे, जे इथं नाही? धरण आहे, वारा आहे, माणसांचं वजन आहे. आणि हो, त्यांची टाकी आहे, त्यांची नळी आहे! इंजिन आणलं होतं, पण टाकी आणि नळी नावेतच ठेवून आले होते. मूल शाळेत रोज पोटदुखीनं रडतं आणि घरी ठणठणीत असतं, तर आपण त्याचा डबाही तपासतोच ना?

मी त्यांना इंजिन परत नेऊ दिलं, पण एक वही दिली. म्हटलं, चार दिवस काठाकाठानंच चालवा, वल्ही बरोबर ठेवा, आणि तीन गोष्टी लिहा: सुरू कधी केलं, टाकी किती भरलेली होती, बंद कधी पडलं. संस्थेच्या चिटणिसांची मुलगी नववीत होती. तिनं सुरेख अक्षरात सगळं लिहून आणलं.

वही पाहून मी चमकले. टाकी काठोकाठ भरलेली असली की इंजिन दहा मिनिटांच्या आत बंद. अर्धी असली की अर्धा-पाऊण तास चालायचं. म्हणजे पेट्रोल जास्त, तर चालणं कमी! संस्थेतल्या मंडळींनी ह्याचा अर्थ असा लावला होता की पंपावरचं नवं पेट्रोलच भेसळीचं. पण ते जुनं झाल्यावर सुधारतं कसं? मी मुलीला विचारलं, “बंद पडल्यावर तुम्ही काय काय करता?” ती म्हणाली, “झाकण उघडून पेट्रोल आहे का पाहतात, झाकण लावतात, दोरी ओढतात. मग लागते.”

तुमच्यापैकी ज्यांनी तेलाचा पंधरा किलोचा डबा फोडला असेल, त्यांच्या आता लक्षात आलं असेल. डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गडगड करत थोडं येतं आणि थांबतं. समोरच्या कोपऱ्याला दुसरं बारीक भोक पाडलं की धार लागते. तेल बाहेर यायचं तर हवा आत जायला हवी. इंजिनाच्या टाकीलाही असं हवेचं भोक असतं, बहुधा झाकणावर, छोट्या स्क्रूचं. ते बंद असेल तर इंजिन पेट्रोल ओढत राहतं, आत पोकळी होते, आणि शेवटी ओढ कमी पडते. काठोकाठ भरलेल्या टाकीत मुळात हवा थोडी, म्हणून पोकळी लवकर जाणवते. अर्ध्या टाकीत हवा भरपूर, म्हणून उशिरा. आणि झाकण उघडलं की हवा आत! इंजिन ‘विश्रांती’नं बरं होत नव्हतं, झाकण उघडल्यानं बरं होत होतं.

पण कागदावरचं खरं मानून चालत नाही. शनिवारी मुलीला घेऊन मी धरणावर गेले. जाताना पिशवीत दुकानातली नवी नळी, प्लग, पकड घेतली. काठाजवळच, कमरेएवढ्या पाण्यात, टाकी काठोकाठ भरून इंजिन सुरू केलं आणि फोन लावून आवाज ह्यांना ऐकवत राहिले. आठव्या मिनिटाला इंजिनाचा सूर उतरला, लटपटला, पुन्हा जरा उचलला आणि विझला.

फोनमधून काहीच ऐकू येईना. मग हे म्हणाले, “ठिणगी... नाही.” जरा थांबून: “पेट्रोल.”

ह्याचं कारण तुम्हांला सांगते, कारण ते फार उपयोगाचं आहे. ठिणगीचा दोष असला तर इंजिन दिव्याचं बटण दाबावं तसं एकदम बंद पडतं. पेट्रोल कमी पडलं तर ते हळूहळू मरतं, स्टोव्हमधलं रॉकेल संपताना ज्योत जशी खालीवर होते तसं. शहरातल्या दुकानानं कॉइल बदलली, कारण इंजिन मरताना कुणी ऐकलंच नव्हतं. ह्यांनी ते हिंगण्यात खुर्चीवर बसून ऐकलं.

टाकीच्या नळीवर मध्ये रबराचा एक फुगा असतो, हातानं दाबून पेट्रोल पुढं ढकलायचा. तो चपटा होऊन आत गेला होता. मी झाकण सैल केलं मात्र, ‘फुस्स’ करून हवा आत शिरली आणि फुगा पुन्हा गोल झाला. झाकण उलटं करून पाहिलं तर हवेच्या स्क्रूवर एमसीलचा थर! मागच्या पावसाळ्यात टाकीत पाणी गेलं होतं, म्हणून एका हुशार पोरानं ते भोक बुजवून टाकलं होतं. त्याचं तरी काय चुकलं? पाणी थांबवायचं हे खरंच होतं. फक्त हवाही थांबली.

थर खरवडला, स्क्रू मोकळा केला. इंजिन लागलं. दहा मिनिटं, वीस मिनिटं. पोरांनी टाळ्या पिटल्या. मी म्हटलं, “थांबा, पूर्ण वेग द्या.” आणि पूर्ण वेगाला ते पुन्हा लटपटलं! फुगा पुन्हा हळूहळू चपटा व्हायला लागला. काकांचा चेहरा पडला. फोनवर हे म्हणाले, “अजून... पातळ.”

मैत्रिणींनो, एक दोष सापडला म्हणजे दुसरा नसतोच असं नाही. बहुतेकजण इथंच फसतात. आता फुग्यानंच वाट दाखवली. फुगा चपटा होतो, म्हणजे अडथळा फुग्याच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला. पलीकडे इंजिनाच्या बाजूला असता तर फुगा टणक राहिला असता. हवा तर मोकळी केली होती. उरली टाकीतली जाळी आणि फुग्यापर्यंतची नळी. जाळी काढून पाहिली, स्वच्छ. मग पिशवीतली नवी नळी लावली. पूर्ण वेगानं नाव धरणावर फेरी मारून आली आणि इंजिन एकदाही अडखळलं नाही.

जुनी नळी मी उभी चिरली. बाहेरून धडधाकट, आतून मात्र अस्तर सुटून जिभेसारखं लोंबत होतं. सावकाश पेट्रोल गेलं तर ते बाजूला राही. जोरात ओढ लागली की आडवं येई. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, २०२५पासून तर देशभर वीस टक्क्यांपर्यंत. जुन्या रबराला ते मानवत नाही. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेतं, आणि पाणी जास्त झालं की ते दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतं. म्हणून जुन्या इंजिनांच्या नळ्या आता इथेनॉलला टिकणाऱ्या लावाव्यात आणि पेट्रोल महिनोन्महिने साठवू नये.

संस्थेनं मजुरी दिली, नळीचे पैसे दिले, आणि पुतण्याच्या आईनं वेगळे मासे पाठवले. पण मला मिळालं ते निराळंच. पुढच्या आठवड्यात एक शेतकरी फवारणीचा पंप घेऊन आला. दारात थबकला नाही. सरळ ह्यांच्या खुर्चीजवळ गेला आणि म्हणाला, “भाऊ, जरा कान द्या ना जी.” ह्यांनी मान वळवली. मी दोरी ओढली. हे डोळे मिटून ऐकत राहिले आणि डाव्या हाताचं एक बोट वर केलं: थांब. मग म्हणाले, “जेट.” जेटच होतं. उजवा हात काही परत आला नाही, आणि डॉक्टरांनी तशी आशाही दाखवलेली नाही. पण तेव्हापासून खुर्ची भिंतीकडे नाही, दाराकडे तोंड करून असते.

तुमच्या घरी नावेचं इंजिन नसेल. पण शेतावर पाण्याचं इंजिन असेल, फवारणीचा पंप असेल, दुकानाला जनरेटर असेल. म्हणून थोडक्यात सांगून ठेवते:

१. कुठलाही भाग बदलण्याआधी लिहा: कधी सुरू, कधी बंद, टाकी किती, ऊन की पाऊस.

२. एकदम बंद पडलं तर ठिणगीकडे पाहा: प्लग, त्याची टोपी, वायर, बंद करायचं बटण. नावेच्या इंजिनाला बटणाची एक दोरी मनगटाला बांधायची असते. तिची अडकवणी सैल असली तरी इंजिन बंद पडतं. हळूहळू मेलं तर पेट्रोलची वाट तपासा.

३. गार असताना चालतं, तापल्यावर एकदम बंद पडतं आणि गार झालं की पुन्हा लागतं, तर कॉइलचा संशय घ्यावा. पण आधी झाकण सैल करून पाहा; त्याला पैसे पडत नाहीत.

४. चोक थोडा ओढल्यावर बरं चालत असेल तर पेट्रोल कमी पोचतंय किंवा कुठून तरी हवा शिरतेय. पंपाच्या स्टोव्हला आपण पिन मारायचो ना, तसाच कार्बोरेटरचा जेट बारीक कचऱ्यानं तुंबतो. फक्त त्यात पिन घालू नका, भोक मोठं होतं. फुंकून किंवा हवेच्या दाबानं साफ करा.

५. थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन तासभर स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून पुसून घ्या.

६. दोन स्ट्रोकला ऑइल मापानंच घाला. पन्नासास एक म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, पाच लिटरला १००. औषधाचं मापाचं झाकण चालतं. डोळ्यांचा अंदाज चालत नाही. तुमच्या इंजिनाचं प्रमाण त्याच्या पुस्तकात पाहून घ्या.

७. हे सगळं उघड्यावर करा. बंद खोलीत चालू इंजिनाचा धूर जीव घेतो, आणि पेट्रोलजवळ देवाचा दिवासुद्धा नको.

जाता जाता एक मजेची गोष्ट. हे नावेचं इंजिन लोकप्रिय केलं ते अमेरिकेतल्या ओले एविनरूड ह्या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिरानं, १९०९मध्ये. सांगतात की, सहलीला गेलेल्या आपल्या वाग्दत्त वधूसाठी तो तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणायला गेला, आणि वल्हवता वल्हवता ते वितळून गेलं. तिथं त्याला ही कल्पना सुचली. पुढं ती त्याची बायको झाली. बेस तिचं नाव. तो यंत्रं बनवायचा आणि ती धंदा सांभाळायची. वल्ही आता फेकून द्या, अशा अर्थाची तिची जाहिरात फार गाजली.

बेसबाईंचा मला अभिमान वाटतो, पण एवढं मात्र त्यांचं मी ऐकणार नाही. धरणावरून निघताना पुतण्याच्या आईनं मला विचारलं, “वहिनी, आता बंद नाही ना पडणार?” मी म्हटलं, “नाही पडू नये. पण दोन वल्ही आणि सगळ्यांना पुरतील एवढी जॅकेटं असल्याशिवाय नाव सोडू देऊ नका.” तिनं तेव्हाच आत जाऊन वल्ही बाहेर आणून ठेवली.